‘टॉप गन: मॅव्हरिक’ सहकुटुंब: छत्तीस वर्षांनी आलेला दुसरा भाग

सप्तपर्णी – ५ जून २०२२

पहिला भाग चालला म्हणून काढलेल्या दुसऱ्या भागांवर माझा फारसा जीव नाही. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ मात्र मनापासून आवडला, आणि घरच्यांसोबत पाहिला म्हणून अधिक कळला. एकटी गेले असते तर नुसती विमानं बघून परत आले असते. ज्यांनी पाहिलाय आणि जे घरच्यांना न्यायच्या विचारात आहेत त्यांच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून हा धागा. पुढे कथा फुटते, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या.

आमच्याकडे या सिनेमाची खरी वाट बाबा बघत होते. मूळ ‘टॉप गन’ १९८६ चा, अमेरिकन नौदलाच्या लढाऊ वैमानिकांची गोष्ट, दिग्दर्शक टोनी स्कॉट. बाबांनी तो दोनेक वर्षांनी पाहिला, तोही व्हीसीआरवर. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत कोणाकडे सत्यनारायण असला की वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे आणि रात्रभर कॅसेटी चालायच्या. दोन हिंदी, एक मारधाडीचा इंग्रजी. ती कॅसेट इतकी झिजलेली होती की चित्रावर आडवे पट्टे यायचे. बाबा अजून सांगतात, विमानं पावसातून उडताना दिसायची. तरी तो सिनेमा त्यांच्या मनात घर करून राहिला. मोठ्या पडद्यावर त्यांना तो कधी बघायला मिळालाच नाही. त्यामुळे दुसरा भाग येतोय हे पेपरात वाचलं त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं, हा थेटरातच बघायचा.

पण तारखा काय लागेनात. आधी जुलै २०१९ ठरली होती, ती जून २०२० वर गेली. मग कोविड आला आणि डिसेंबर २०२०, जुलै २०२१, नोव्हेंबर २०२१ असं करत करत मे २०२२ उजाडला. तोवर इथे आपल्या थिएटरांचीही तीच गत. मार्च २०२० मध्ये कुलूप, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांची परवानगी, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप, २२ ऑक्टोबरपासून पुन्हा निम्म्या खुर्च्या. सगळे निर्बंध उठले ते यंदाच्या गुढीपाडव्याला. मधल्या काळात कितीतरी मोठे सिनेमे थेट घरच्या टीव्हीवर आले. हा आला नाही. टॉम क्रूझने ते होऊ दिलं नाही, याचं मला फार समाधान आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दोन वर्षं घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. त्याला बाहेर पडायला असंच काहीतरी हवं होतं.

विवियाना मॉलला रविवार दुपारचा खेळ घेतला. आम्ही घोडबंदरहून, आई-बाबा नौपाड्यातून रिक्षाने. मधली, जरा वरची रांग मिळाली. लेकाने (चौथीत आहे) आजोबांच्या शेजारची खुर्ची धरली.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मॅव्हरिक (टॉम क्रूझ) चाचणी वैमानिक आहे. तो विमान माख १० च्या, म्हणजे आवाजाच्या दहापट वेगाच्या, पुढे नेतो आणि नंतर एड हॅरिसने केलेला अॅडमिरल त्याला सुनावतो की पुढच्या काळात विमानांना वैमानिक लागणारच नाहीत, तुमची जात संपत आली. आता बाबांबद्दल सांगते. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला टर्नर होते. लेथवरच्या जॉबवरून बोट फिरवून दोन थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक सांगायचे आणि मग मायक्रोमीटर लावला की तेवढाच निघायचा. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीनं आली तेव्हा त्यांनाही केबिनमध्ये बोलावून असंच सांगण्यात आलं होतं. पुढे कारखानाच बंद झाला. अॅडमिरलच्या त्या बोलण्याला बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले ते मध्यंतरापर्यंत पाठ टेकली नाही.

या सिनेमाची मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट हीच, की त्याने मधली वर्षं लपवली नाहीत. पहिल्या भागात क्रूझ तेवीस वर्षांचा होता, आता साठीला टेकलाय. सोबतचे अॅडमिरल झाले, हा कॅप्टनच राहिला. मेलेल्या मित्राचा मुलगा कर्ता झाला. जेवढी वर्षं त्यांची गेली तेवढीच आपलीही गेली आहेत, आणि सिनेमा ती दोन्ही बाजूंची वर्षं मोजून घेतो. दोन वर्षांत घाईने काढला असता तर ही गोष्ट सांगताच आली नसती.

त्यातही आइसमनचा प्रसंग. पहिल्या भागातला मॅव्हरिकचा प्रतिस्पर्धी आइसमन करणाऱ्या व्हॅल किल्मरला घशाचा कॅन्सर झाला होता, त्यात आवाज गेला. सिनेमात आइसमनही आजारी आहे. तो आधी कीबोर्डवर टाइप करून बोलतो, मॅव्हरिक स्क्रीनवर वाचतो. मग तो उठून उभा राहतो आणि फाटक्या आवाजात दोन-चार वाक्यं बोलतो. पहिल्या भागातले ते दोन उर्मट तरुण ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रसंग किती खोल जातो हे लिहून सांगता यायचं नाही. बाबांचे कारखान्यातले दोन जिवाभावाचे मित्र कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांना भेटायलाही जाता आलं नव्हतं.

आईची गोष्ट वेगळी. तिला विमानांत रस नाही आणि अमेरिकन उच्चार कळत नाहीत. बाबांना इंग्रजीच बघायचा होता म्हणून हिंदीचा खेळ घेतला नव्हता. मध्यंतरात तिने विचारलं, “तो मिशीवाला पोरगा ह्याच्यावर एवढा का डाफरतोय?” मी सांगितलं की तो रूस्टर, पहिल्या भागात मेलेल्या मित्राचा, गूजचा मुलगा, त्याचे नौदल अकादमीचे कागद मॅव्हरिकने मागे घेतले, त्यात पोराची काही वर्षं वाया गेली, आणि मॅव्हरिकने ते केलं कारण पोराच्या आईने मरण्यापूर्वी त्याच्याकडून तसा शब्द घेतला होता. आई लगेच म्हणाली, “मग तो तोंड उघडणार कसा? सांगितलं तर पोराचा राग गेलेल्या आईवर जाईल. त्यापेक्षा आपल्या अंगावर घेतला.” मॅव्हरिक त्याच्या मैत्रिणीला, पेनीला, जवळजवळ हेच सांगतो! आईला ते इंग्रजी वाक्य कळलं नव्हतं. तिला माणूस कळला होता.

मध्यंतर मात्र चुकीच्या जागी कापलं होतं. या सिनेमाला मुळात मध्यंतर नाहीच, त्यामुळे आपल्याकडे कुठेतरी कापावं लागतं हे मान्य, पण एखादं दृश्य पुरं होऊ द्यावं.

लेकाला मागच्या कथेचं काही नव्हतं. डोंगरांच्या घळीतून विमानं जमिनीलगत जातात तेव्हा तोही खुर्चीत त्या त्या बाजूला कलत होता. शेवटी शत्रूच्या तळावर जुनं एफ-१४ उभं दिसतं तेव्हा बाबा त्याला मोठ्याने म्हणाले, “हे बघ, हे आमच्या वेळचं!” पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं आणि ते हसले, कारण त्यांच्याही शेजारी त्यांचे वडील बसले होते. एफ-१४ चे पंख वेगाप्रमाणे मागे-पुढे होतात, अमेरिकन नौदलाने ते २००६ मध्ये निवृत्त केलं, हे सगळं लेकाला घरी जाताना रिक्षात ऐकायला मिळालं.

तुमच्याकडे कोणाला घेऊन गेलात? कुठे पाहिलात? हिंदीत कसा वाटला?

---

खाडीकाठ – ५ जून २०२२

फार छान लिहिलंय. वर्गणीच्या व्हीसीआरवरून कोपरीचे दिवस आठवले. आमच्याकडे टीव्ही खिडकीत ठेवायचे आणि अंगणात सतरंज्या. ठाण्यात तेव्हा वंदना, आराधना, गणेश, अशोक अशी थिएटरं होती, पण तिथे हिंदीचाच जोर. मोठा इंग्रजी सिनेमा बघायचा तर लोकलने व्हीटीला उतरून स्टर्लिंग नाहीतर पुढे रीगल गाठायचं. येताना शेवटची गाडी चुकली तर पंचाईत. आता वंदना म्हटलं की आमच्या पोरांना फक्त एसटी स्टँड माहीत.

मी बायको आणि सासऱ्यांसोबत पाहिला. सासरे आइसमनच्या प्रसंगानंतर बराच वेळ बोलले नाहीत.

---

ट्रायपॉड – ६ जून २०२२

जाहिरातींच्या शूटिंगला कॅमेरा विभागात काम करतो, म्हणून या सिनेमातलं तंत्र थोडं सांगतो. कॉकपिटमधले चेहरे जे दिसतात ते खरोखर हवेत चित्रित केलेत. प्रत्येक विमानात सोनीचे सहा व्हेनिस कॅमेरे बसवले होते, चार नटाकडे तोंड करून आणि दोन पुढच्या बाजूला. व्हेनिसचा सेन्सर मुख्य बॉडीपासून वेगळा काढून केबलने जोडता येतो, म्हणूनच एवढ्याशा जागेत सहा मावले. विमान दोन खुर्च्यांचं एफ-१८. पुढे नौदलाचा वैमानिक, मागे नट. विमान चालवायची परवानगी नटांना नव्हती, क्रूझलाही नाही.

आता विचार करा, वर दिग्दर्शक नाही, कॅमेरामन नाही, मेकअपवाला नाही. कॅमेरा चालू-बंद करणं, सूर्य कुठे आहे ते बघणं, संवाद म्हणणं, आणि हे सगळं शरीरावर काही पट वजन पडलेलं असताना. खाली आल्यावर फुटेज बघायचं, जमलं नसेल तर पुन्हा वर. त्यासाठी क्रूझने सगळ्या नटांना आधी साध्या सेसना विमानात, मग कसरतीच्या एक्स्ट्रा ३०० मध्ये, मग एल-३९ जेटमध्ये, आणि मग एफ-१८ मध्ये असं पायरीपायरीने तयार केलं. नौदलाने एफ-१८ साठी तासाला अकरा हजार डॉलरच्या वर आकार लावला होता.

गालांची कातडी मागे ओढली जाते, डोळे जड होतात, ते अभिनयाने येत नाही आणि कॉम्प्युटरवरही इतकं खरं येत नाही. प्रेक्षकाला हे कारण माहीत नसतं, पण त्याच्या अंगाला ते कळतं. सप्तपर्णी यांचा मुलगा कलत होता तो त्यामुळेच.

पहिल्या भागात कॉकपिटची बहुतेक दृश्यं जमिनीवरच घ्यावी लागली होती. आणि त्या वेळी आर्ट शॉल नावाचे कसरती वैमानिक चित्रण करताना विमान कोसळून गेले. पहिला भाग त्यांना अर्पण केलाय आणि दुसरा टोनी स्कॉटना, ते २०१२ मध्ये गेले. श्रेयनामावली सुरू झाली की आपण लोक उठतो, पण या सिनेमाला जरा बसा.

---

पामबीच – ६ जून २०२२

चित्रपटगृहातला अनुभव जबरदस्त, यात वाद नाही. वाशीला पूर्ण भरलेला खेळ पाहिला. पण मला एक गोष्ट टोचली आणि ती मांडायलाच हवी. हा अमेरिकन नौदलाच्या मदतीने, त्यांच्या जहाजांवर, त्यांच्या परवानगीने बनलेला सिनेमा आहे. पहिल्या वेळी तर अमेरिकेत थिएटरांबाहेर नौदलाने भरतीची टेबलं टाकली होती. या वेळी शत्रूला नावच नाही. देश कुठला, माणसं कोण, काही नाही. काळ्या काचेची हेल्मेटं घातलेले चेहरेही न दिसणारे वैमानिक. दुसऱ्याच्या देशात घुसून बॉम्ब टाकणं इतकं निर्मळ दाखवलं की मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही. माझा मुलगा सातवीत आहे. परत येताना गाडीत आम्ही यावरच बोललो.

---

सप्तपर्णी – ६ जून २०२२

पामबीच, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मुलाशी बोललात हे फार बरं केलंत. मीही लेकाला विचारलं की ती दुसऱ्या विमानातली माणसं कोण होती. तो म्हणाला, “ते दाखवलंच नाही.” म्हणजे त्याच्याही लक्षात आलं होतं.

तरी मला हा सिनेमा युद्धाचा वाटला नाही. मोहीम काढून टाकली आणि तिच्या जागी हिमशिखर किंवा वादळातली बोट ठेवली तरी कथा तीच राहील. एका जुन्या माणसाने तरुणांना एका जिवावरच्या कामाला पाठवायचं आहे आणि त्याला त्यातलं कोणी गमवायचं नाही, हा तिचा कणा आहे. बाबांना तोच दिसला. त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं शिकाऊ म्हणून यायची. चालू लेथपाशी सैल बाहीचा शर्ट घालून कोणी आलं तर ते दुपारपर्यंत त्याला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. पोरं रागवायची. त्यातली काही अजून दिवाळीला घरी येतात.

---

ओझरकर – ७ जून २०२२

माझी नोकरी नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये झाली, आता ऐरोलीला मुलाकडे असतो. मिग आणि नंतर सुखोई-३० बांधणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नातवंडांनी मला मुद्दाम नेलं. चार गोष्टी लिहितो.

सिनेमात ‘जी’ हा शब्द सारखा येतो. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा १ जी. विमान वेगात असताना एकदम वर खेचलं की वैमानिक खुर्चीत दाबला जातो. ९ जी म्हणजे साठ किलोच्या माणसाला आपलं वजन पाचशे चाळीस किलो झाल्यासारखं वाटणं. डोकं, हात, हेल्मेट, सगळं नऊ पट. रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं. आधी रंग जातात, मग बाजूचं दिसेनासं होतं, मग काळोख, आणि तरी ओढत राहिलं तर शुद्ध हरपते. जी-सूट मांड्या आणि पोटाभोवती हवेने फुगतो आणि रक्त खाली उतरू देत नाही. पण त्याची मदत थोडीच. उरलेलं काम वैमानिकाने पाय-पोट आवळून, श्वास कोंडून, थोडा सोडून पुन्हा कोंडून करायचं असतं. सिनेमात ते जे कुंथल्यासारखे आवाज काढतात ते खरे आहेत. आमच्याकडे चाचणी उड्डाण करून उतरलेला वैमानिक शिडीवरून खाली यायचा तेव्हा त्याचा ओव्हरऑल पिळून काढावा इतका भिजलेला असायचा.

दुसरं, जहाजावर उतरणं. मागे लोंबणारा हुक डेकवरच्या आडव्या तारेत अडकला पाहिजे. लोकांना वाटतं चाकं टेकली की वैमानिक इंजिन बंद करत असेल. उलट आहे! टेकताक्षणी तो इंजिन पूर्ण जोरात करतो, कारण तार चुकली तर पुन्हा उडायला जोर हवा. तार धरली की मग कमी करायचं.

अमेरिकन जहाजांवरून विमान उडवताना कॅटापल्टने फेकतात, दोन-तीन सेकंदांत ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या विमानवाहू विक्रमादित्यवर कॅटापल्ट नाही. तिचा पुढचा भाग वर उचललेला आहे, विमान स्वतःच्या जोरावर त्या चढावरून उसळतं. कोचीला बांधलेली नवी विक्रांतही अशीच. आणि योगायोग बघा, सिनेमातलं ते एफ-१८ सुपर हॉर्नेट सध्या गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर आलंय. तिथे जमिनीवर जहाजासारखा चढ बांधलेला आहे, त्यावरून ते उडू शकतं की नाही हे आपल्या नौदलाला दाखवायला. याच वर्षी जानेवारीत राफेलची नौदलाची आवृत्ती येऊन तशीच उडून गेली.

सप्तपर्णी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. बोटाने दोन थाउ ओळखणारी माणसं आमच्याकडेही होती. सीएनसी आल्यावरही पहिला नग त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आम्ही पुढचे काढत नसू.

---

सप्तपर्णी – ७ जून २०२२

ओझरकर काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. ते म्हणाले, “त्यांना विचार, सुखोईच्या लँडिंग गिअरचं टर्निंग कुठल्या मशीनवर व्हायचं.” तुम्हाला चालणार असेल तर त्यांचा नंबर निरोपातून पाठवते.

---

ओझरकर – ७ जून २०२२

पाठवा. संध्याकाळी सहानंतर मोकळाच असतो.

---

गोडलिंब – ८ जून २०२२

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात, तरी त्यांना नेलं. ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांच्यासाठी सांगते. आम्ही सीवूड्सला गेलो कारण मॉल स्टेशनच्या डोक्यावरच आहे. ठाण्याहूनही पनवेल गाडी पकडली तर थेट सीवूड्स-दारावेला उतरता येतं, ना रिक्षा ना रस्ता ओलांडणं, वर जायला लिफ्ट. तिकीट काढताना प्रवेशदाराच्या पातळीवरची रांग बघून घ्या. ती कुठली हे थिएटरप्रमाणे बदलतं, काउंटरवर विचारलं की सांगतात. अंधारात पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. खुर्ची कडेची घ्या म्हणजे मधे उठायला अडचण नाही. शाल ठेवा, एसी फार असतो. लहान मूल असेल तर कानात कापूस. विमानांचा आवाज छातीत बसतो.

आम्ही हिंदीतच पाहिला आणि मला त्याची जराही खंत नाही. सासूबाईंना प्रत्येक वाक्य कळलं. त्यांना सगळ्यात आवडली ती पेनी. म्हणाल्या, “बाई कशी स्वतःच्या दुकानाची मालकीण आहे, आणि बोट पण चालवते.” बारला त्या दुकान म्हणाल्या, मी तसंच ठेवलं.

खाण्याचे भाव मात्र अंगावर येतात. पाच जणांचं पॉपकॉर्न आणि पाणी तिकिटांच्या जवळ गेलं. मध्यमवर्गीय घर एकत्र सिनेमाला जायचं कमी होतं ते यामुळे. आम्ही खेळ संपल्यावर घरी पिठलं-भात केला.

---

वाशीकर मामा – ८ जून २०२२

मध्यंतराबद्दल सप्तपर्णींशी सहमत. आमच्या खेळाला वैमानिक वाक्य बोलत असतानाच कापलं. पण मध्यंतर नसतं तर तुमच्या आईंचा तो प्रश्न आणि ते उत्तर कधी झालं असतं? आमच्याकडेही मध्यंतरातच वहिनीने माझ्या भावाला पहिला भाग अथपासून इतिपर्यंत सांगितला. आपल्या माणसांना मधे बोलायला लागतं.

---

ट्रायपॉड – १४ मार्च २०२३

धागा वर काढतोय. ‘मॅव्हरिक’ला सर्वोत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर मिळालं. सहा नामांकनं होती, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. ज्यांनी मोबाइलवर पाहिला त्यांनी नेमकं हेच गमावलं.

---

गोडलिंब – २१ ऑगस्ट २०२३

या धाग्याची आठवण झाली म्हणून लिहितेय. काल सगळे ‘गदर २’ ला गेलो होतो, सासूबाई, नणंद, तिची मुलं, शेजारच्या काकू. पहिला १५ जून २००१ ला आला, हा बावीस वर्षांनी. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. तारा सिंगचा मुलगा जीते झालेला तेव्हाचा लहानगा उत्कर्ष शर्मा आता तोच जीते मोठा होऊन आलाय, हे बघूनच सासूबाई हरखल्या. सुरुवातीचं निवेदन नाना पाटेकरांच्या आवाजात आहे. पहिला आवाज ऐकताच थिएटरात शिट्ट्या!

सिनेमा म्हणून ‘मॅव्हरिक’ची उंची नाही, पटकथा बरीच विस्कळीत आहे. अमरीश पुरींची उणीव फार जाणवते. पण हातपंपाकडे तारा सिंग नुसता वळून बघतो आणि समोरचा जमाव पळत सुटतो, तेव्हा सगळं थिएटर उभं होतं. जुनी गाणी लागली तेव्हा म्हाताऱ्या माणसांपासून पोरांपर्यंत सगळे गात होते. शेजारच्या काकू काकांच्या पश्चात पहिल्यांदाच थिएटरात आल्या होत्या.

पाण्याबद्दलही सांगायचं आहे. सुप्रीम कोर्टाने यंदा जानेवारीत सांगितलंय की थिएटरवाले बाहेरचं खाणं अडवू शकतात, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं. आम्ही मागितलं, दिलं. मागत जा.

---

पामबीच – २२ ऑगस्ट २०२३

गोडलिंब, मुलगा आता आठवीत आहे आणि ‘गदर २’ बघून त्याने स्वतःहून विचारलं, “इथे शत्रूला नाव आहे, मग हे बरं की वाईट?” मी त्याला अजून पूर्ण उत्तर दिलेलं नाही. नाव दिलं की द्वेष सोपा होतो, नाव नसलं की मारणं सोपं होतं. दोन्हीचा विचार करतोय.

---

खाडीकाठ – ३ एप्रिल २०२५

व्हॅल किल्मर गेला. १ एप्रिलला, न्यूमोनियाने, वय पासष्ट. आज सकाळी सासऱ्यांनीच फोन करून सांगितलं. त्यांना तो नावाने माहीत नाही, ‘आइस गेला रे’ म्हणाले.

---

सप्तपर्णी – ३ एप्रिल २०२५

बाबांनीही सकाळी पेपर उघडून दाखवला. त्या प्रसंगात किल्मर असलाच पाहिजे, त्याच्याशिवाय सिनेमा करायचा नाही, असा क्रूझचा आग्रह होता हे मी नंतर वाचलं. किती बरं झालं तो आग्रह धरला. आजारी नटाला वगळून त्याच्या जागी फोटो लावणं किंवा दोन ओळींत पात्र गेलं म्हणून सांगणं सोपं होतं. त्यांनी त्याला त्याच्या खऱ्या आवाजासकट, जेवढा उरला होता तेवढा, पडद्यावर आणला. आवाज स्पष्ट ऐकू यावा म्हणून थोडा साफ केला, एवढंच.

---

ओझरकर – २९ एप्रिल २०२५

काल नौदलासाठी २६ राफेलचा करार झाला. तेव्हा गोव्यात दोन्ही विमानं येऊन गेली होती हे लिहिलं होतं, त्यातलं राफेल निवडलं गेलं. सप्तपर्णींच्या वडिलांचा मला आधी फोन आला, बातमी नंतर वाचली.

---

काजवा – ४ मे २०२५

आजच पूर्ण धागा वाचला. वडिलांना ऐकू कमी येतं, मशीन लावूनही थिएटरात शब्द नीट लागत नाहीत. इंग्रजी सिनेमाला खाली अक्षरं येतातच का? कळव्याहून जवळ काय पडेल?

---

गोडलिंब – ४ मे २०२५

इंग्रजीतल्या खेळांना बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरं असतात, पण तिकीट काढण्यापूर्वी थिएटरात फोन करून त्याच खेळाला आहेत का ते विचारा. हिंदी केलेल्या खेळांना नसतात. कळव्याहून विवियानाला रिक्षाने जा. शनिवार-रविवार टाळून सकाळचा खेळ घ्या, गर्दी कमी असते आणि मधली खुर्ची मिळते. श्रवणयंत्राचा आवाज आत गेल्यावर थोडा कमी करायला सांगा, नाहीतर मोठ्या आवाजांच्या वेळी फार खरखरतं. आणि सिनेमा दुसरा भाग असेल तर आधी घरी पहिला भाग दाखवा, कथा माहीत असली की अक्षरं सुटली तरी बिघडत नाही.